रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस : आजी-आजोबा आणि मुलांसह ११ रात्री, आखणीबद्दल सल्ला हवा

शेवंती
मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण इटलीला जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, सासरे (७४), सासूबाई (७०), मुलगी १३ आणि मुलगा ७ वर्षांचा. सासऱ्यांना चालायची सवय आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात, पण जिने नकोत. सगळे शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत.

सध्याचा विचार असा : मुंबईहून मिलानचं जाऊन-येऊन तिकीट (स्वस्त दिसतंय), मिलान १ रात्र, व्हेनिस ३, फ्लॉरेन्स ३, रोम ४ आणि परत मिलान.

प्रश्न तीन. क्रम बरोबर आहे का? कुठली तिकिटं आधी काढलीच पाहिजेत? आणि आई-बाबांसाठी टूर कंपनी बरी की आपलं आपण?

वाटाड्या
पहिल्यांदा ते मिलानचं जाऊन-येऊन तिकीट सोडा. रोम ते मिलान वेगवान गाडीलाही तीन तास लागतात. त्यात सामान आवरणं, स्टेशन, मग विमानतळ धरलं की आख्खा दिवस गेला, आणि सहा जणांचं गाडीभाडं वेगळंच. विमान कंपन्यांच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ निवडून मुंबई–रोम आणि व्हेनिस–मुंबई असं पाहा. आखाती देशांतून जाणाऱ्या विमानांचं हे भाडं साध्या जाऊन-येऊन तिकिटाच्या जवळपास मिळू शकतं. थोडं जास्त पडलं तरी दिवस वाचतो.

मिलानची रात्र काढून रोमला द्या : रोम ५, फ्लॉरेन्स ३, व्हेनिस ३. रोमने सुरुवात करण्याला कारण आहे. सर्वात जास्त चालणं आणि सर्वात मोठ्या रांगा तिथे आहेत, ते अंगात दम असताना उरकावं. पहिला दिवस मात्र मोकळा ठेवा.

गिरमिट
पाच रात्री रोममध्ये असतील तर एक दिवस ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई करा ना! मुलांना ज्वालामुखीपेक्षा भारी काय वाटणार?

वाटाड्या
@गिरमिट, चौघं असते तर मीही हेच म्हणालो असतो. रोम–नेपल्स गाडीने सव्वा तास, पुढे लोकल अर्ध्या तासाहून जास्त, आणि मग साठ हेक्टरांहून मोठा उघडा परिसर. रस्ते ओबडधोबड दगडांचे, कडेचे पदपथ गुडघ्याएवढे उंच, सावली जवळजवळ नाही. सासूबाईंना ते झेपणार नाही.

त्याऐवजी ओस्तिया अँतिका पाहा, प्राचीन रोमचं बंदर. पिरामिदे मेट्रोला लागून पोर्ता सान पाओलो स्टेशन आहे, तिथून लोकलने अर्धा तास, आणि शहरातलं साधं दीड युरोचं तिकीट चालतं. नाट्यगृह, स्नानगृहं, दुकानांसमोरचं मोझाइक, खानावळीचा दगडी कट्टा सगळं आहे, गर्दी कमी आणि पाइन वृक्षांची सावली. सोमवारी बंद असतं.

नकाशा
व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस. नियमाने निर्णय १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. मेसाठी खरी अडचण बोटांचे ठसे द्यायच्या अपॉइंटमेंटची असते, कारण आपल्या सुट्ट्या एकाच वेळी. जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. सगळ्या रात्री इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडेच.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खाली माफ. म्हणजे तुमचे ५ × ९० + ४५ = ४९५ युरो, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांना लागू असल्याचं प्रमाणपत्रावर छापलेलं हवं. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी.

अर्ज अडकतात ते बहुतेक विसंगतीमुळे : दिवसवार आखणीत एक तारीख आणि हॉटेलच्या बुकिंगमध्ये दुसरी, खर्च मुलगा करणार पण त्याचं पत्र आणि नात्याचा पुरावा जोडलेला नाही, खात्यात आठवड्यापूर्वी अचानक मोठी रक्कम. निवृत्तांनी पेन्शनचे कागद आणि विवरणपत्रं स्वतःच्या नावाने जोडावीत. मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं पत्र. बनावट विमान तिकिटं लावू नका. हॉटेलं रद्द करता येणारीच घ्या.

मिलानकर
तिकिटांबद्दल सविस्तर लिहितो, इथे रोजचाच विषय आहे.

आधी काढलीच पाहिजेत अशी चार : व्हॅटिकन संग्रहालय, कोलोसियम, फ्लॉरेन्सची उफ्फिझी (चित्रसंग्रहालय), आणि तिथलीच अकादेमिया (तिथे मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे). फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायचं असेल तर ते पाचवं. रोमचं बोर्गेसे संग्रहालय बघायचं असेल तर तेही आधीच. बाकी सगळं त्या त्या दिवशी सुचेल तसं.

कोलोसियम : विक्री ३० दिवस आधी सुरू होते. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्र पाहतात, तेव्हा पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असेल तर तेही. साधं तिकीट १८ युरो, त्यातच शेजारचे फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडी येते. १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट त्याच खरेदीत घ्यावं लागतं. हे विसरून लोक दारात अडकतात.

व्हॅटिकन : सुमारे ६० दिवस आधी खुलं होतं, २० युरो आणि ५ युरो बुकिंग. रविवारी बंद. फक्त महिन्याचा शेवटचा रविवार फुकट आणि दुपारी २ पर्यंत, पण त्या दिवशी जाऊ नका, रांग भिंतीला वळसा घालून जाते. प्रवेशद्वार व्हियाले व्हॅटिकानो या रस्त्यावर आहे, सेंट पीटर चौकात नव्हे. चौकातून तिथे भिंतीच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचेही.

एक गैरसमज : ‘१८ खाली फुकट’ हे इटालियन सरकारच्या संग्रहालयांना लागू आहे. व्हॅटिकन वेगळं राष्ट्र, फ्लॉरेन्सचं कॅथीड्रल चर्चच्या संस्थेचं, व्हेनिसचा डोजचा (तिथल्या जुन्या शासकाचा) राजवाडा नगरपालिकेचा. तिथे मुलांना सवलत आहे, माफी नाही. आणि ६५ वर्षांवरील लोकांना सरकारी संग्रहालयांत मिळणारी माफी २०१४ मध्येच बंद झाली, तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट पूर्ण धरा.

नावाशी साधर्म्य असलेल्या दलालांच्या साइट शोधात वर येतात. तिथे १८ चं तिकीट ४०-५० ला असतं. पैसे भरायच्या आधी पत्ता नीट वाचा.

शेवंती
@नकाशा, @मिलानकर, खूप आभार! शून्य किमतीच्या तिकिटाचं माहीतच नव्हतं. सासूबाईंना कोलोसियम जमेल का?

कमान
जमेल. आत लिफ्ट आहे, वरच्या मजल्यावर जाऊन पूर्ण आखाडा दिसतो. अडचण फोरमची आहे : मोठे, गुळगुळीत, मध्ये फटी असलेले काळे दगड. त्यासाठी कॅपिटोलिन टेकडीवर टॅक्सीने जा आणि नगरपालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलं की कठड्यावरून सगळं फोरम खाली पसरलेलं दिसतं. बाकीचे खाली उतरतील, आजी वर थांबतील.

पायऱ्यांचे आकडे एकत्र लिहून ठेवते :
सेंट पीटर्सचा घुमट : एकूण ५५१. लिफ्ट घेतली तरी वरच्या ३२० उरतात, शेवटी भिंत तिरकी होत जाते.
फ्लॉरेन्सचा घुमट : ४६३, लिफ्ट नाही.
त्याच्या शेजारचा जोत्तोचा मनोरा : ४१४, लिफ्ट नाही.
व्हेनिसचा सेंट मार्क मनोरा : लिफ्ट आहे! सुमारे ९९ मीटर उंच. जुना मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला, आताचा १९१२ मध्ये हुबेहूब पुन्हा बांधला. सासूबाईंना उंचावरून एक शहर दाखवायचं असेल तर ते हे.

पिसाला जायचा मोह झाला तर : ८ वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यावर सोडत नाहीत. सात वर्षांच्या मुलाला खाली ठेवून ताई वर गेली, तर दिवसभर भांडण.

कमान
मुलांना काय दाखवायचं, याबद्दल वेगळं लिहिते, कारण यातच सहल जिंकते किंवा हरते. मुलांना चित्रांच्या दालनामागून दालनं दाखवू नका. ‘हे कसं उभं राहिलं?’ हा प्रश्न द्या आणि इमारती बघू द्या.

पॅन्थिऑन घ्या. साधारण १२५ च्या सुमाराचं, सम्राट हेड्रियनच्या काळातलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून छताच्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल. सळईशिवायच्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगात दुसरा नाही. खाली जड खडी आणि वर जाल तसा हलका ज्वालामुखी दगड वापरलाय, भिंतही वर पातळ होत जाते. वरचं भोक उघडं आहे, पाऊस आत येतो, फरशीला उतार आणि निचऱ्याची भोकं आहेत. मुलांना ती भोकं शोधायला लावा.

मग फ्लॉरेन्सचा घुमट. १२९६ मध्ये कॅथीड्रल सुरू झालं. एवढं रुंद छत कसं झाकायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारायला पुरेसं लाकूडच मिळालं नसतं. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये आधाराशिवाय तो उभा केला. दोन कवचं, एकात एक. विटा तिरक्या-उभ्या वेणीसारख्या गुंफल्या, त्यामुळे ओल्या चुन्यातली वीट घसरली नाही. चढताना तुम्ही त्या दोन कवचांच्या मधूनच जाता आणि ती वेण घातलेली वीट हाताशी दिसते. तेरा वर्षांच्या मुलीला आधी पॅन्थिऑन आणि मग हे दाखवलं की तेराशे वर्षांतला फरक तिला आपोआप कळेल. वाटेत मागे फिरता येत नाही, तेव्हा बंद जागेची भीती असणाऱ्याने जाऊ नये. वेळ ठरलेली असते, उशीर झाला की संधी गेली.

आणि रोममध्ये गॅलरिया बोर्गेसे. शिल्पकार बर्निनीचा ‘अपोलो आणि डॅफ्नी’. दगडाच्या बोटांना पानं फुटताना दिसतात. दोन-दोन तासांच्या पाळ्यांत ठरावीक लोकच सोडतात, म्हणून गर्दी नाही. बसायलाही मिळतं. माझ्या मते उफ्फिझी आणि बोर्गेसे यातलं एकच घ्यायचं असेल, तर मुलांबरोबर बोर्गेसे.

रेघोट्या
माझं मत वेगळं आहे. सत्तरीच्या पुढची दोन माणसं बरोबर असताना टूर कंपनीच बरी. बस दारात, महाराष्ट्रीय जेवण, सामान उचलायला माणूस, आजारपणात मदतीला टूर मॅनेजर. प्रत्येक तिकिटासाठी मोबाइल घेऊन बसायचं नाही. आजींच्या वयाची चार माणसं गटात असतात, त्यांच्या गप्पा होतात, ही गोष्टही लहान नाही.

मिलानकर
@रेघोट्या, सोबतीचा मुद्दा मान्य. पण ‘बस दारात’ हे या तीन शहरांत होत नाही. जुन्या भागात मोठ्या बसला बंदी आहे. रोम आणि फ्लॉरेन्समध्ये बस ठरलेल्या थांब्यावर सोडते आणि पुढे झेंड्यामागून सगळ्यांच्या वेगाने चालायचं. व्हेनिसमध्ये कडेच्या त्रोन्केत्तो बेटावर उतरून बोटीने सेंट मार्क, तीन तासांत परत. हॉटेल बहुधा शहराबाहेर, त्यामुळे दुपारी आजींना खोलीवर सोडणं अशक्य. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसपेक्षा ‘दुपारी दोन तास आडवं होता येणं’ जास्त उपयोगाचं असतं. हॉटेल मध्यवर्ती भागात असेल तरच ते होतं.

स्वतः भाड्याची गाडी मात्र घेऊ नका. झेड-टी-एल म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र, कॅमेरा पाटी टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. एकाच दिवशी तीनदा आत गेलात तर तीन दंड.

काढा
डॉक्टर म्हणून दोन-तीन गोष्टी. औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर ब्रँड नव्हे तर औषधाचं रासायनिक नाव लिहून घ्या. तिथे भारतीय ब्रँड कुणाला कळत नाही. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. हिरवा क्रॉस म्हणजे औषधाचं दुकान, रात्री कुठलं उघडं आहे ते बंद दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. तातडीसाठी ११२.

गुडघ्यांसाठी : नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नका, किमान महिनाभर वापरलेले हवेत. दगडी रस्त्यांसाठी जाड, कडक तळ. घडीची काठी, भले रोज लागत नसेल. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका, दावा नाकारायचं तेच पहिलं कारण असतं.

व्हॅटिकनमध्ये व्हीलचेअर फुकट मिळते, पण आधी विचारून ठेवा. सिस्टीन चॅपलपर्यंत न थांबता गेलं तरी अंतर भरपूर आहे.

वाटाड्या
@काढा यांना अनुमोदन. पाण्याबद्दल : रोममध्ये नळाचं पाणी वाहणारे सुमारे २५०० लोखंडी स्तंभ आहेत, ‘नासोनी’. पाणी गार आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, मुलाला लगेच जमेल. बाटली विकत घ्यायची गरज नाही.

स्वच्छतागृहांचं आधीच ठरवा. प्रत्येक संग्रहालयातून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं. रस्त्यावर सोय कमी. मोठ्या स्टेशनांत एक युरोच्या आसपास, व्हेनिसमध्ये दीड. सुटी नाणी हवीत. आणि ज्या प्रश्नाची आपल्याकडे सर्वांना चिंता असते त्याचं उत्तर : इटलीत घराच्या न्हाणीघरात बिडे (धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं) असावाच असा १९७५ पासून नियम आहे, त्यामुळे पाण्याची पंचाईत होत नाही.

तळ्यातमळ्यात
व्हेनिसमध्ये राहायचं कुठे? मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला निम्म्या किमतीत खोल्या दिसतात, गाडीने दहा-बारा मिनिटं.

मिलानकर
खर्च हाच मुद्दा असेल तर मेस्त्रे ठीक. पण व्हेनिस खरं दिसतं ते सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर, दिवसाची गर्दी गेल्यावर. सहा जणांचं रोजचं जाणं-येणं आणि दुपारच्या विश्रांतीला परत जाणं धरलं तर बेटावरच राहा, तीनऐवजी दोन रात्री कराव्या लागल्या तरी.

खोली निवडताना किमतीआधी नकाशा बघा. वापोरेत्तोच्या (तिथली बससारखी बोट) थांब्यापासून खोलीपर्यंत एकही पूल नको, फार तर एक. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. २५ किलोची बॅग घेऊन तीन पूल म्हणजे सासऱ्यांची पाठ गेली. इमारतीला लिफ्ट आहे का, हे पत्र लिहून विचारा. जुन्या घरांत ‘पहिला मजला’ आपल्या दुसऱ्याएवढा उंच असतो.

गाडीचं तिकीट ‘व्हेनेझिया सांता लुचिया’पर्यंतचं घ्या. ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ हे मुख्य भूमीवरचं स्टेशन आहे, नाव सारखं वाटून लोक तिथेच उतरतात.

बोटींचा हिशेब : एकेरी तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं. ७२ तासांचा पास ४५. सहा वर्षांखाली फुकट, म्हणजे तुमच्या मुलाला लागेल. पण ६ ते २९ वयोगटासाठी ६ युरोचं ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड आहे, त्यावर ७२ तासांचा पास २७ ला मिळतो. दोन मुलांचे ६६ होतात, नाहीतर ९० झाले असते. प्रौढ चौघांचे १८०. एकूण २४६. दर वेळी चढताना यंत्राला पास लावायचा.

गोंडोला : सरकारी दर दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नव्हे, आणि एका नावेत पाच जण. तुम्ही सहा! आजोबांना फारसा रस नसेल तर पाच जणांनी जावं. नुसती हौस भागवायची तर ‘त्रागेत्तो’ : ग्रँड कॅनॉल ओलांडायची मोठी गोंडोला, माणशी २ युरो, दोन मिनिटं.

नकाशा
व्हेनिसचं प्रवेशशुल्क राहिलं. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, मुख्यतः शुक्रवार ते रविवार, सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना ५ युरो, आयत्या वेळी १०. १४ खालच्या मुलांना माफ. हॉटेलात राहणाऱ्यांनाही माफ, पण नगरपालिकेच्या साइटवर नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा असतो. शिवाय तिन्ही शहरांत माणशी-रात्री पर्यटन कर हॉटेलमध्ये वेगळा भरावा लागतो, तो बुकिंगच्या किमतीत बहुधा नसतो.

दुपारचा_चहा
आता जेवण! शाकाहाराची अडचण दिसते त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे.

चीज : पार्मेजान आणि पेकोरिनो रोमानो नियमाने प्राण्याच्या रेनेटनेच (दूध फाडायला वापरतात ते जनावराच्या जठरातलं द्रव्य) बनतात. चालत नसेल तर ‘काचो ए पेपे’ (चीज-मिऱ्याचा पास्ता) आणि वरून किसलेलं चीज गेलं. ताज्या मोझरेलातही बहुधा तेच असतं. हे घरात आधी ठरवा, टेबलावर नको.
सूप : मिनेस्त्रोने आणि रिसोत्तोचा रस्सा मांसाचा असू शकतो. ‘ब्रोदो व्हेजेताले?’ असं विचारा.
रोममध्ये ‘नापोलेताना’ पिझ्झावर छोटे खारवलेले मासे असतात. ‘मारिनारा’वर चीज नाही, मासेही नाहीत, पण लसूण आहे. सासूबाईंसाठी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ म्हणजे लसूण नको, कांदा नको. टोमॅटोचा सॉस कांद्यावर आधीच शिजवलेला असतो, त्यामुळे चीज चालत असेल तर त्यांच्यासाठी मार्गेरिता सर्वात सुरक्षित, त्यात टोमॅटो बहुतेक कच्चाच चिरडलेला असतो.
तोस्कानात (फ्लॉरेन्सचा प्रांत) ‘चेचीना’ मिळाली तर जरूर घ्या, डाळीच्या पिठाची जाड भाजलेली पोळी, फक्त पीठ, पाणी, तेल, मीठ.

वेळेची पंचाईत मोठी. बहुतेक स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय उघडत नाहीत. मधल्या वेळेत भूक लागली तर वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा घ्या. बिलावर माणशी ‘कोपेर्तो’ (टेबलावर बसण्याचा आकार) येतो, फसवणूक नव्हे, मेनूवर छापलेला असतो. कॉफी उभ्याने स्वस्त, टेबलावर बसून महाग, सेंट मार्क चौकात तर फारच.

नेण्याच्या खाऊबद्दल नीट वाचा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, दुधाची भुकटी राहू द्या. बहुतेक ताजी फळं आणि पाला (कढीपत्ता, कोथिंबीर) आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. मेतकूट, भाजणी, चिवडा, भडंग, खाकरे, लाडूंऐवजी शेंगदाण्याची चिक्की, पोहे, तांदूळ-डाळ मिसळून केलेली खिचडीची पाकिटं, सगळं चालतं, बंद वेष्टनात असलेलं बरं.

गिरमिट
तूप नाही? मग खिचडीला अर्थच काय!

दुपारचा_चहा
@गिरमिट, तिथल्या दुकानात उत्तम लोणी मिळतं, दहा मिनिटांत तूप कढवून होतं. कढवताना शेजारी विजेची किटली आणि एसी एकदम चालवू नका. इटलीतल्या घरांना बहुतेक ३ किलोवॅटचीच जोडणी असते, तीन उपकरणं लावली की वीज जाते. मुख्य स्विच कुठे आहे, ते किल्ली घेतानाच विचारा. आपली तीन जाड पिनांची पिन बसत नाही, अडॅप्टर दोन-तीन न्या.

वाटाड्या
गाड्यांबद्दल. वेगवान गाड्यांची तिकिटं काही महिने आधी उघडतात, लवकर घेतली की बरीच स्वस्त. रोम–फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स–व्हेनिस दोन-सव्वादोन. त्रेनइतालिया आणि इतालो या दोन्ही कंपन्यांचे दर पाहा. त्रेनइतालियाची ‘बिंबी ग्राटिस’ सवलत २ ते ५ जणांच्या गटाला आहे, १५ खालची मुलं फुकट. तुम्ही सहा म्हणून ती दिसणारच नाही. दोन बुकिंग करा, सासू-सासरे वेगळे. मात्र त्यात मोठ्यांना पूर्ण दर लागतो, तो सर्वात स्वस्त तिकिटांशी ताडून बघा.

फलाट दहा-पंधरा मिनिटं आधीच कळतो. हमाल नाहीत, डब्याला दोन-तीन उंच पायऱ्या. सहा जणांत चार मध्यम बॅगा, एक माणूस आत, एक खाली. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी यंत्रात ठसा मारून घ्यायचं, नाहीतर दंड. रोमच्या तर्मिनी स्टेशनात तिकीट यंत्रापाशी ‘मदत’ करायला येणाऱ्यांना लांबूनच नको म्हणा. व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रोची ए लाइन, इथे पाकीट पुढच्या खिशात.

करवीरकर
थोडं अवांतर, पण मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन हे चुकवू नये म्हणून लिहितो.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि तिथे दहनाची पद्धत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर रात्री अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा उभारला, शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर. शेजारच्या पुलाचं नावच ‘पोन्ते अल्लिंदियानो’ आहे. फेटा बांधलेला मराठी राजा, मागे तोस्कानाच्या टेकड्या.

जागा कॅशिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला. टी-१ ट्रामचा कॅशिने थांबा पूर्व टोकाला आहे, तिथून बाग आडवी चालायला पाऊण तास तरी. सासूबाईंना घेऊन टॅक्सीनेच जा आणि परतीचीही टॅक्सी थांबवून ठेवा, तिथे रस्त्यावर मिळत नाही. बाग सपाट आहे, मुलांना धावायला मोकळी जागा आहे. संध्याकाळ पडायच्या आत परता.

कमान
@करवीरकर, फार छान आठवण केलीत. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा तोच वास्तुरचनाकार. शेवंती, राजवाडा मुलांनी पाहिलेला असेल तर जरूर सांगा.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी सगळा धागा वाचला आणि कॅशिनेचा दिवस त्यांनी स्वतः वहीत लिहिला. टूर कंपनी नको, हे सासूबाईंनीच ठरवलं. आता असं :

शुक्र : रोमला पोहोचणं, विश्रांती
शनि : कोलोसियम सकाळी, संध्याकाळी कॅपिटोलिन
रवि : पॅन्थिऑन, नव्होना चौक, त्रेव्ही कारंजं
सोम : ओस्तिया
मंगळ : व्हॅटिकन संग्रहालय, दुपारी बोर्गेसे
बुध : सकाळी सेंट पीटर्स, दुपारी गाडीने फ्लॉरेन्स
गुरु : घुमट (आम्ही तिघं), अकादेमिया
शुक्र : उफ्फिझी, कॅशिने
शनि : व्हेनिस
रवि : सकाळी सेंट मार्क बॅसिलिका, दुपारी डोजचा राजवाडा
सोम : मुरानो, बुरानो बेटं
मंगळ : परत

मिलानकर
छान झालंय. चार दुरुस्त्या.

सोमवारी ओस्तिया बंद असतं, @वाटाड्या यांनी वर लिहिलंय. रविवार आणि सोमवार अदलाबदल करा. पॅन्थिऑनचं तिकीट ५ युरो, १८ खाली फुकट.

व्हॅटिकन आणि बोर्गेसे एका दिवशी नको. सासूबाई व्हॅटिकननंतर फक्त खोलीवर जाणार. सोमवारी बोर्गेसेही बंद, तेव्हा ती शनिवारी संध्याकाळच्या पाळीत घ्या आणि कॅपिटोलिनचा कठडा सोमवारी, पॅन्थिऑनपासून टॅक्सीने पाच-दहा मिनिटं.

बुधवारी सकाळी सेंट पीटर चौकात बहुधा पोपची सार्वजनिक भेट असते, बॅसिलिका दुपारपर्यंत बंद. मंगळवारी संग्रहालयानंतर पुरुषमंडळी आणि मुलं बॅसिलिकेत जातील, किंवा सगळेच संध्याकाळी उशिरा जा, तेव्हा रांग कमी असते.

व्हेनिसची बॅसिलिका रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी राखलेली, पर्यटकांना दुपारी २ पासून. म्हणून राजवाडा सकाळी, बॅसिलिका दुपारी. राजवाड्याचं तिकीट ३० दिवस आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त. बॅसिलिकेत पाठीवरच्या मोठ्या बॅगा नेऊ देत नाहीत, खोलीवरच ठेवून या.